फॅक्सचा रकाना

कंपनीत त्याला सगळे ‘धाकटे’ म्हणायचे. नव्याने लागलेल्यांना वाटायचं, हे मोठ्या साहेबांचे धाकटे भाऊ असणार. पहिले दोन आठवडे ते त्याच्यासमोर खुर्चीतून अर्धे उठायचे. मग कोणीतरी कानात सांगायचं, अहो, साहेबांचे नाही, ऑर्डरच्या टेबलावरच्या ताईंचे. त्यानंतर उठणं बंद व्हायचं आणि गप्पा सुरू व्हायच्या, कारण ताईंचा भाऊ म्हणजे घरचाच माणूस.

कंपनी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायची. काही दवाखान्यांना, पण बरेचसे घरोघरी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना. त्यांचे फोन घ्यायला सात जणी होत्या आणि त्यांच्यात ताई सर्वांत जुनी. बावीस वर्षं एकाच खुर्चीत. धाकट्याला इथे चिकटवलं तेही तिनेच. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, ती एकोणीसची. त्याच्या शाळेच्या पालकसभेला ती जायची, नेसायला यायची नाही तरी साडी गुंडाळून, मोठी दिसावी म्हणून. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा, नियोजन विभागाचा प्रमुख, आणि अजूनही कॉरिडॉरमध्ये ती त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करायची.

कंपनीची जुनी सिस्टिम इतकी जुनी, की तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणायचे. म्हातारी आज उठली नाही, म्हातारी रुसली, म्हातारीला कोणीतरी शिव्या दिल्या वाटतं. एंटर दाबून माणूस पाणी पिऊन यायचा, तरी पडदा तसाच. तिला बनवणारे लोक कधीच दुसऱ्या धंद्यात गेले होते. तेव्हा एके दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना खालच्या हॉलमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की आठ महिन्यांत संपूर्ण कंपनी नव्या सिस्टिमवर जाणार. गोदाम, गाड्या, ऑर्डर, सगळं एकाच छताखाली. आणि हे काम धाकटे बघतील.

“म्हातारीला काढून नवी सून आणणार म्हणा की,” मागून कोणीतरी बोललं आणि हॉल हसला. धाकटाही हसला. त्याला आनंद झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या कामाचे तक्ते आखत आला होता. हे पहिलं काम त्याच्या स्वतःच्या नावाचं.

तळमजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत त्याने बस्तान मांडलं. एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद लावला आणि त्यावर आठवडे आखले. नवी सिस्टिम विकणाऱ्यांनी त्यांचा एक माणूस कायमचा देऊन ठेवला होता. तो दर सोमवारी चाकांची बॅग ओढत यायचा आणि शुक्रवारी जायचा, म्हणून त्याला सगळे ‘पाहुणा’ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, कामाला वाघ होता, फक्त त्याला पुढच्या गावी जायची घाई होती.

पाहुण्याने दोन याद्या दिल्या. पहिली रकान्यांची. म्हातारीच्या पोटात ग्राहकाच्या नावापासून पिनकोडपर्यंत सहाशे चौदा रकाने होते. प्रत्येकापुढे लिहायचं, न्यायचा की सोडायचा. दुसरी यादी माणसांची. कोण काय काम करतं, किती वेळ लागतो, आणि शेवटी एक प्रश्न, हे काम नवी सिस्टिम करेल का. हो किंवा नाही.

ती दुसरी यादी भरताना धाकट्याच्या लक्षात यायला हवं होतं. तसं ते आलंच. ऑर्डरच्या टेबलाच्या ओळींपुढे तो हो, हो, हो लिहीत गेला, कारण ते खरं होतं. नव्या सिस्टिमला ग्राहकाने मोबाइलवरून सांगितलं की झालं. तारीख तीच ठरवणार, गाडीचा रस्ता तीच आखणार. यादी पाहून मोठे साहेब म्हणाले, “सातांच्या जागी दोघी पुरतील. दोन तरण्या मुली ठेवू, त्यांना शिकवायला सोपं.” मग चष्मा काढून त्याच्याकडे बघत म्हणाले, “तुमची अडचण मला कळते. पण कामावरून कमी केल्याची पत्रं निघेपर्यंत हे या खोलीबाहेर जाता कामा नये. घरीसुद्धा नाही.”

“हो साहेब,” तो म्हणाला.

घरी बायकोला कळलंच. जेवताना त्याचा घास तोंडाशी थांबला होता आणि तिने विचारलं, “ताईंचं काही आहे का?” त्याने सांगितलं. ती बराच वेळ भांडी आवरत राहिली. मग म्हणाली, “पत्र येण्याआधी तुम्ही सांगा त्यांना. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं तर त्या बोलणार नाहीत काही, पण मनात राहील.”

“सांगतो,” तो म्हणाला. त्यानंतर चार महिने गेले. रोज सकाळी तो ऑर्डरच्या टेबलावरून जायचा, ती फोन कानाला लावूनच त्याच्याकडे बघून मान हलवायची, आणि तो खाली त्या बिनखिडकीच्या खोलीत उतरायचा.

ऑर्डरच्या टेबलाचं काम समजून घ्यायला त्याने भिंतीवरच्या कागदात तीन दुपारी ठेवल्या होत्या. पण मोठ्या साहेबांनी सगळंच दोन आठवडे अलीकडे ओढलं, आणि कुठेतरी कात्री लावायलाच हवी होती. धाकट्याने त्या तिनांची एक दुपार केली. ऑर्डरचं काम त्याला ऐकून ऐकून पाठ आहे, असं त्याला वाटत होतं. घरी ताई दुसरं बोलायचीच काय!

सगळ्या जणींच्या वतीने ताई आली. पदर खोचून, हातात एक चिठ्ठी घेऊन, त्यावर तिने मुद्दे लिहून आणले होते. पाहुणा पडद्यावर रकाने दाखवत होता आणि ती हो-नाही सांगत होती. दीड तासात दोनशे रकाने झाले. चारला पाहुण्याचा दुसरा फोन होता.

“फॅक्स नंबर,” पाहुणा म्हणाला.

“हां, त्या फॅक्सचं जरा सांगायचंय मला,” ताई म्हणाली आणि तिने चिठ्ठी सरळ केली. “त्याचं काय आहे, की आमच्याकडे—”

“ताई, आता फॅक्स कोण करतं गं?” धाकटा हसला. “फॅक्सचं मशीनच आपण दहा वर्षांपूर्वी भंगारात दिलं.”

पाहुणाही हसला. म्हणाला, त्याने आयुष्यात फॅक्स पाहिलेलाच नाही. ताईही थोडी हसली, माणूस दुसऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून हसतो तशी. “नाही रे, ते तसं नाही, मी म्हणत होते—”

“चार वाजत आलेत. राहिलेलं मी तुला घरी विचारतो, चालेल?”

“चालेल,” ती म्हणाली.

तिने चिठ्ठीची घडी घातली. पाहुण्याने फॅक्सपुढे ‘सोडायचा’ असं केलं, आणि यादीखाली धाकट्याने सही केली. घरी त्याने विचारलं नाही. विचारायला तो तिच्या घरी गेलाच नाही. तिच्यासमोर बसून ती पत्राची गोष्ट पोटात ठेवणं त्याला जमेना, म्हणून त्याने रविवारचं जाणंच बंद केलं होतं. कामाचं निमित्त आयतंच होतं.

रंगीत तालीम उत्तम झाली. म्हातारीतले तीन हजार आठशे बारा ग्राहक, नव्या सिस्टिममध्येही बरोबर तीन हजार आठशे बारा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. खोलीत टाळ्या वाजल्या. मोठ्या साहेबांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली.

पत्रं शुक्रवारी निघाली. सोमवारी नवी सिस्टिम सुरू व्हायची होती. ताईखेरीज पत्र मिळालेल्या चौघींपैकी एक रडली, एक मोठ्या साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत आली. ताईने पत्र दोनदा वाचलं, पाकिटात परत घातलं आणि खण आवरायला घेतला. धाकटा जिन्यात उभा होता. त्याने मनात वाक्यं जुळवली होती.

“तुला माहीत होतं?” तिने एवढंच विचारलं.

“हो.”

“कधीपासून?”

“चार महिने झाले.”

ताईने त्याच्या कॉलरकडे पाहिलं, पण हात वर केला नाही. “बरं,” ती म्हणाली आणि पिशवी सांभाळत जिना उतरली.

सोमवारी सगळं सुरळीत झालं. मंगळवारीही. नवी सिस्टिम सकाळी सहाला गाड्यांचे रस्ते स्वतः आखायची, रोज वेगळे, सर्वांत कमी फेऱ्यांचे. त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच भागात फिरलेले गाडीवाले अनोळखी गल्ल्यांतून जाऊ लागले. त्यांनी कुरकुर केली, पण तेवढी कुरकुर धाकट्याने योजनेत धरलीच होती.

त्या मंगळवारी एका गाडीवाल्याने एका बैठ्या घराची बेल वाजवली. आठदहा वेळा वाजवली. दार उघडलं नाही. त्याच्या हातातल्या पडद्यावर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं बटण होतं, ते त्याने दाबलं. सिस्टिमने घरातल्या माणसाला मोबाइलवर निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशीची फेरी लावली. बुधवारी दुसरा गाडीवाला आला, त्यानेही बेल वाजवली. मग ते नाव ‘प्रलंबित’ यादीत गेलं. त्या यादीत तेव्हा एकशे चाळीस नावं होती, आणि उरलेल्या दोघी तरण्या मुली एकेका नावाला फोन लावत होत्या.

त्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. गुरुवारी संध्याकाळी ते मेलेले सापडले. सिलिंडर रिकामा होता.

धाकट्याला हे शुक्रवारी सकाळी कळलं. तो तडक त्या घरी गेला. का गेला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. घराला कुलूप होतं. शेजारी एका शिंप्याचं दुकान होतं, तो मशीनवर बसला होता पण शिवत नव्हता.

“तुम्ही कोण?” शिंप्याने विचारलं.

“सिलिंडरच्या कंपनीतून.”

शिंपी उठून आला. उंच, वाकलेला माणूस, गळ्यात टेप. “अहो, मी इथेच होतो की! मंगळवारी इथे, बुधवारी इथे. त्यांना ऐकू येत नव्हतं, दोन्ही कानांनी, ते तुमच्या माणसांना ठाऊक होतं. अकरा वर्षं तुमची गाडी यायची, माझ्याकडून किल्ली घ्यायची, सिलिंडर आत नेऊन जोडून द्यायची. या वेळी बेल का वाजवत बसले?” त्याने खिशातून किल्ली काढली आणि तळहातावर धरून दाखवली. “एक हाक मारायची मला. मशीनच्या आवाजात बेल मला ऐकू येत नाही. दोन दिवस ते बाहेर दिसले नाहीत, मला वाटलं लेक येऊन घेऊन गेली. अधूनमधून न्यायची ती. मी गेलो नाही बघायला. मीही गेलो नाही.”

धाकट्याने किल्लीकडे पाहिलं. “आमच्या माणसांना किल्लीचं कुठे लिहिलेलं असायचं?” त्याने विचारलं.

“चिठ्ठीवर की. फोन नंबरच्या खाली. गाडीवाला मला वाचून दाखवायचा, ‘किल्ली शिंप्याकडे’, आणि हसायचा.”

धाकटा कंपनीत परतला. म्हातारी अजून चालू होती. नियमाप्रमाणे महिनाभर ती नुसती बघण्यापुरती ठेवायची, हे त्यानेच भिंतीवर लिहिलं होतं. त्याने त्या गृहस्थांचं नाव शोधलं. फोन नंबरच्या खाली, फॅक्सच्या रकान्यात, लिहिलं होतं: ऐकू येत नाही. बेल वाजवून उपयोग नाही. किल्ली शेजारच्या शिंप्याकडे. आत नेऊन जोडून द्यावा.

म्हातारीत शेरे लिहायला जागाच नव्हती. फॅक्सचा रकाना मात्र रिकामा पडलेला, त्यात अक्षरंही चालायची, आणि तो गाडीवाल्याच्या चिठ्ठीवर छापला जायचा. कधीतरी वीस वर्षांपूर्वी हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. कोणाच्या, हे त्याला विचारावं लागलं नाही.

तो एकामागून एक नावं उघडत गेला. बेल नको, बाई दिवसा झोपतात, मागच्या दाराने. जिना अरुंद, दोन लहान द्यावेत. मुलगी दार उघडते, तिला लिहिता येत नाही, सही मागू नये. सुनेकडे निरोप देऊ नये, पोचत नाही. ज्याच्या नावावर आहे तो मुलगा वारला, आईसमोर नाव घेऊ नये. घाबरतात, जाताना ‘पुन्हा येतो’ म्हणावं. असे नऊशेच्या वर शेरे होते.

त्याने वरच्या दोघी मुलींना विचारलं, तुम्हाला हे माहीत नव्हतं का. एक म्हणाली, “माहीत होतं ना. आम्हाला वाटलं, ते सगळं नव्यात आलं असेल. तुम्ही बघितलं असेल.” दुसरी रडायला लागली.

त्या दुपारी तो जागेवरून हलला नाही. नव्या सिस्टिममध्ये पत्त्याच्या शेवटी बारा अक्षरांची एक जागा होती. तो एकेक शेरा वाचायचा, बारा अक्षरांत बसवायचा आणि हाताने टाकायचा. ‘घाबरतात’ टाकलं तर ‘पुन्हा येतो म्हणावं’ बसेना. कार्यालय बंद होईपर्यंत त्रेसष्ट झाले.

शनिवारी सकाळी म्हातारी उघडेना. आधी त्याला वाटलं, नेहमीसारखी रुसली. मग मोठ्या साहेबांनी वर बोलावलं. म्हाताऱ्या गृहस्थांच्या मुलीने वकील केला होता. कंपनीच्या वकिलांनी सांगितलं होतं, की जुनी सिस्टिम होती तशी बंद करून ठेवा, कोणी हात लावायचा नाही, प्रकरण मिटेपर्यंत.

“साहेब, फक्त एक दिवस उघडा. साडेआठशे शेरे राहिलेत. अजून किती घरं असतील अशी.”

“आणि ते शेरे आता घाईघाईने भरले, तर त्याचा अर्थ काय होतो? की आपल्याला माहीत होतं आणि आपण ते टाकून दिलं.”

“पण तसंच झालंय, साहेब. मीच टाकून दिलं. सही माझी आहे.”

मोठ्या साहेबांचाही चेहरा उतरला होता. “वकील म्हणतात, तुम्ही हे कुठेही बोलायचं नाही,” ते म्हणाले. “माझ्यापाशीसुद्धा. ऐकलंच नाही मी. सगळ्या घरांना फोन लावायला माणसं देतो, तेवढं माझ्या हातात आहे.”

फोन लावायला चार माणसं आली. पण ज्यांना ऐकू येत नाही ते फोन उचलत नव्हते, ज्यांच्या सुना निरोप देत नव्हत्या त्यांच्या सुनाच फोन उचलत होत्या.

रविवारी सकाळी धाकटा ताईकडे गेला. दार भाऊजींनी उघडलं. त्याला बघून ते बाजूला झाले आणि पायात चपला अडकवून बाहेर पडले. ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. तिला कोणाकडून तरी कळलं होतं. डोळे सुजलेले होते.

“आठ दिवसांनी एकदा यायचा त्यांचा फोन,” ती म्हणाली. “म्हणजे ते नुसतेच बोलायचे, माझं त्यांना काही ऐकू जायचं नाही. ‘मी आहे, सिलिंडर पाठवा’ म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. अकरा वर्षं.”

“ताई, मी तुला बोलू दिलं नाही.”

“नाही दिलंस.”

“तू ओरड माझ्यावर.”

“ओरडून बघितलं मी. काल, एकटीच, इथे बसून. मला वाटलं होतं, तू चुकलास म्हटलं की मला बरं वाटेल. नाही वाटत. मीही चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये टाकली. म्हटलं, मोठा झालाय आता, त्याला कळत असेल.” तिने टेबलावरचा हात उचलला आणि पुन्हा ठेवला. “का आलास?”

त्याने सांगितलं. म्हातारी बंद केली होती, त्रेसष्टच निघाले, बाकीचे कुठेच नव्हते, तिच्या डोक्यात सोडून. त्याने ग्राहकांची नावं छापून आणली होती. तीन हजार आठशे बारा नावं, नव्या सिस्टिमने अकारविल्हे लावलेली.

ताईने चष्मा लावला आणि कागद पुढे ओढला. पहिल्या पानावर तिने दोन नावांवर बोट ठेवलं आणि भराभर सांगितलं, धाकट्याने लिहून घेतलं. दुसऱ्या पानावर एक. तिसऱ्यावर ती थांबली. एका नावापाशी बराच वेळ घुटमळली, मग पुढे सरकली, मग परत मागे आली. “ही ती उतारावरच्या घरातली की काय? का ती दुसरी, जिचा नवरा मध्येच फोन हिसकावायचा?”

“आठव ना, ताई.”

“अरे, मला नावं कुठे माहीत आहेत!” ती म्हणाली. “फोन वाजायचा, मला आवाज कळायचा. आवाज आला की मग म्हातारीत नाव काढायचं, आणि शेरा समोर यायचा. मी लक्षात कशाला ठेवू? लिहून ठेवलं होतं ना मी सगळं.”

दुपारपर्यंत एकोणीस झाले. त्यातले पाच तिने नंतर खोडायला लावले, कारण तिची खात्री नव्हती आणि चुकीचं लिहिलं तर आणखी वाईट. एकीचा आवाज तिने त्याला काढून दाखवला, बारीक, धाप लागल्यासारखा, शब्दाशब्दाला थांबणारा. “ही. हिला सकाळी नऊच्या आत लागतो. हिचं नाव बघ ना त्यात.” धाकट्याने पानं पुढेमागे केली. तो कुठे बघणार होता? ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्याला उठून तिच्याजवळ जायचं होतं, पण तिला ते चालेल की नाही, हे त्याला समजेना, आणि तो पेन धरून तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, कागद त्याच्याकडे सारले आणि म्हणाली, “जा तू आता. मला नाही होत.”

“उद्या येऊ?”

ताई उठली आणि त्याच्याकडे पाठ करून नळाखाली पेला विसळत राहिली. तो चौदा शेऱ्यांचा कागद खिशात घालून बाहेर पडला.